विश्लेषण : तळहात सतत ओले... उपचार आहेत, मग होत का नाहीत?

परभणीत घामाची तक्रार कोणी मनावर घेत नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की सगळेच घामाघूम असतात. कापसाच्या आणि सोयाबीनच्या रानात राबणाऱ्याचा तर घाम गाळल्याशिवाय दिवस जात नाही. अशा जिल्ह्यात एखादी मुलगी ‘माझ्या हाताला फार घाम येतो’ असे म्हणाली, तर ‘कुणाला येत नाही?’ एवढेच उत्तर मिळते आणि विषय संपतो. पण डिसेंबरच्या थंडीत, पंखा बंद असताना, नुसते बसल्या जागी ज्याच्या तळहातावरून थेंब ओघळतात, त्याच्या घामाचा उन्हाशी संबंध नसतो. तो आजार आहे. वैद्यकशास्त्रात त्याला ‘हायपरहायड्रोसिस’ म्हणजे अतिघाम म्हणतात. त्यावर उपचार आहेत आणि त्यांतले पहिले दोन महागडे नाहीत. तरीही तालुक्याच्या गावातला रुग्ण एकतर गप्प बसतो किंवा इंटरनेटवर जाहिरात पाहून थेट शस्त्रक्रियेची चौकशी करतो. या दोन टोकांमधला सरळ रस्ता त्याला कोणी दाखवत नाही, हे या लेखाचे म्हणणे आहे.

उन्हाचा घाम आणि आजाराचा घाम यांत फरक काय?

माणसाच्या अंगावर साधारण २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. शरीर तापले की मेंदू त्यांना हुकूम सोडतो, घाम बाहेर येतो आणि तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. उन्हात राबणाऱ्याला सवयीने आठ-पंधरा दिवसांत जास्त आणि लवकर घाम येऊ लागतो. तो आजार नव्हे, उलट शरीर उन्हाला सरावल्याची ती खूण आहे.

तळहात आणि तळपाय यांचे गणित मात्र वेगळे आहे. तिथे ग्रंथी सर्वांत दाट असतात आणि त्या उष्णतेपेक्षा मनावरच्या ताणाला जास्त दाद देतात. परीक्षेच्या वेळी तुमचे-आमचेही हात ओलसर होतात. अतिघामाच्या रुग्णात ग्रंथी संख्येने जास्त नसतात, आकारानेही मोठ्या नसतात. त्यांना हुकूम देणाऱ्या चेतातंतूंचा आवाज मात्र कायम चढा असतो. जिथे हळू सांगायचे तिथे ते ओरडून सांगतात.

प्राथमिक स्वरूपाचा हा आजार ओळखायला रक्ताची महागडी तपासणी बहुधा लागत नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ त्रास असेल आणि त्यासोबत पुढची लक्षणे जुळत असतील, तर डॉक्टर विचारपूस करूनच निदान करू शकतात : दोन्ही हातांना, दोन्ही पायांना किंवा दोन्ही काखांना सारखाच घाम येतो, त्रास शाळकरी किंवा कॉलेजच्या वयात, पंचविशीच्या आत सुरू झाला, आठवड्यातून किमान एकदा तरी जोर होतो, झोपेत घाम थांबतो, रोजची कामे अडतात, आणि घरात आई-वडील, काका-मामा यांपैकी कोणाला तरी असेच होते. यातले झोपेत घाम थांबण्याचे लक्षण नीट लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा कामी येणार आहे.

हा त्रास किती जणांना?

अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हे प्रमाण ४.८ टक्के आढळले. त्यातले जेमतेम निम्मे लोक डॉक्टरांशी याविषयी कधी बोलले होते. तिथला आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. अमेरिकेतल्या प्रमाणाचा केवळ पाव भाग धरला, तरी जिल्ह्यात २० हजारांहून अधिक माणसे हा त्रास घेऊन जगत असावीत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण अभिमानाने म्हणतो. या हजारो माणसांची मोजदाद मात्र कुठल्याच कागदावर नाही.

त्रास म्हणजे नेमका काय? बारावीच्या मुलाची उत्तरपत्रिका ओली होते, शाई पसरते, कागद फाटतो. तो हाताखाली रुमाल धरून लिहितो आणि रुमाल सारखा हलवण्यात त्याची मिनिटे जातात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाच्या हातातून गोळा निसटतो. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हाताने रेशमी कापडावर डाग पडतात. दुचाकी दुरुस्त करणाऱ्याच्या हातातून पाना सटकतो. मोबाइलचा पडदा बोटाला दाद देत नाही. रास्त भाव दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा लागत नाही. राबून झिजलेल्या बोटांची ही तक्रार जुनी आहे. ओल्या बोटांचीही तीच गत होते. पाहण्याच्या कार्यक्रमात चहाचा ट्रे धरलेल्या मुलीचे हात ओले दिसले की ‘मुलगी घाबरट आहे’ अशी कुजबुज सुरू होते. हात ओला म्हणजे माणूस घाबरलेला किंवा काहीतरी लपवतोय, हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे की रुग्ण हात मिळवायचेच टाळतो.

डॉक्टर या त्रासाची तीव्रता चार पायऱ्यांत मोजतात. घाम जाणवत नाही, कामात अडथळा नाही, ही पहिली. सहन होतो, कधीकधी अडथळा, ही दुसरी. कसाबसा सहन होतो, वारंवार अडथळा, ही तिसरी. अजिबात सहन होत नाही, नेहमीच अडथळा, ही चौथी. तिसरी किंवा चौथी पायरी म्हणजे तीव्र आजार. तुमची पायरी कोणती, हे तुम्ही हा मजकूर वाचता वाचताच ठरवू शकता.

कोणत्या घामाकडे दुर्लक्ष करायचे नाही?

वरची लक्षणे जुळत नसतील, तर घामामागे दुसरा आजार शोधावा लागतो. प्राथमिक अतिघाम झोपेत थांबतो. म्हणून रात्री झोपेत अंथरूण भिजेल इतका घाम येत असेल, त्यासोबत खोकला, बारीक ताप, वजन घटणे असेल, तर क्षयरोगाची तपासणी आधी. ती सरकारी रुग्णालयात मोफत होते, उपचारही मोफत मिळतात. क्वचित अशा रात्रीच्या घामामागे रक्ताचा किंवा लसिकाग्रंथींचा कर्करोगही असतो.

तिशी-चाळिशीनंतर अचानक सर्वांगाला घाम सुरू झाला, छातीत धडधडते, वजन कमी होते, हात थरथरतात, तर थायरॉइड तपासून घ्या. पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या बाईला अंगातून वाफा निघाल्यासारखे होऊन घाम फुटत असेल, तर पाळी जाण्याच्या काळातला तो बदल असू शकतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक दरदरून घाम, थरथर आणि भूक जाणवली तर साखर खाली गेलेली असू शकते. शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा गूळ खायला द्या. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही घाम वाढतो. अशी गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचे. आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आणि थंडगार घाम असे एकत्र आले, तर लेख वाचत बसू नका, १०८ ला फोन करा.

फवारणी करणाऱ्याला घाम फुटला तर?

कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारायलाच हवा. चेतातंतू घर्मग्रंथीला हुकूम देतात तो ‘ॲसिटाइलकोलिन’ नावाच्या रसायनातून. हुकूम पोहोचला की हे रसायन शरीर लगेच मोडून टाकते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके नेमकी ही मोडण्याची क्रिया बंद पाडतात. मग हुकूम थांबतच नाही. दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप, ही त्या विषबाधेची लक्षणे आहेत.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. अशा घटनांत सुरुवातीचा घाम ‘उन्हाचाच असेल’ म्हणून अंगावर काढला जाण्याचा धोका मोठा असतो. त्यामुळे फवारताना किंवा त्यानंतर काही तासांत असा घाम आणि त्यासोबत मळमळ, लाळ किंवा अंधारी आली, तर काम थांबवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाच्या डब्यासह रुग्णालय गाठा. ज्याचे हात मुळातच सतत ओले असतात, त्याने तर उघड्या हाताने औषध कालवूच नये. भिजलेल्या, मऊ पडलेल्या त्वचेतून विष अधिक सहज आत जाते. मालकाने मजुराला हातमोजे द्यावेत, ही मेहेरबानी नव्हे, त्याची जबाबदारी आहे.

उपचाराची पहिली पायरी कोणती?

हात, पाय किंवा काख यांपैकी एका जागेचा घाम असेल, तर सुरुवात लावायच्या औषधाने करायची. ते औषध म्हणजे ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण किंवा रोल-ऑन. न्हाव्याच्या दुकानातली तुरटी आपल्याला माहीत असते. तुरटीतही ॲल्युमिनियमचाच क्षार असतो, पण तो सौम्य. औषधातले प्रमाण काखेसाठी बहुधा १० ते २० टक्के असते. तळहातासाठी डॉक्टर त्याहून तीव्र देऊ शकतात. हा क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी बूच बसवतो. काही दिवसांत ते बूच आपोआप गळून पडते, म्हणून औषध पुन्हा लावावे लागते.

‘लावून पाहिले, उपयोग झाला नाही’ असे सांगणारे बरेच भेटतात. विचारले तर कळते की ते सकाळी आंघोळ झाल्यावर, ओल्या अंगावर लावत होते. हे औषध रात्री झोपताना लावायचे, कारण झोपेत घाम कमी असतो आणि क्षाराला नळीत बसायला वेळ मिळतो. त्वचा आधी पूर्ण कोरडी करायची. ओल्या त्वचेवर लावले की आम्ल तयार होते आणि आग होते. सकाळी धुऊन टाकायचे. सुरुवातीला रोज, घाम आटोक्यात आला की आठवड्यातून एक-दोनदा. काखेतले केस काढल्यावर दोन दिवस लावायचे नाही. आग किंवा पुरळ आले तर एक दिवसाआड करायचे, तरी कमी झाले नाही तर डॉक्टरांना दाखवायचे. किडनीचा गंभीर आजार असणाऱ्याने विचारल्याशिवाय वापरू नये. निकालासाठी किमान दोन ते चार आठवडे द्यायला हवेत.

एक साधी गोष्ट इथेच सांगायला हवी. सुगंधी स्प्रे म्हणजे घामावरचे औषध नव्हे. तो वास झाकतो, घाम थांबवत नाही.

पाण्यातून वीज सोडतात, ते काय?

तळहात आणि तळपाय यांच्यावर लावायचे औषध अनेकदा कमी पडते. त्यासाठी दुसरी पायरी आहे ‘आयंटोफोरेसिस’. नाव अवघड, काम सोपे. दोन उथळ ट्रेमध्ये नळाचे साधे पाणी, त्यात हात किंवा पाय, आणि त्या पाण्यातून अगदी सौम्य एकदिश विद्युतप्रवाह, साधारण १५ ते २० मिलिअँपिअर. एकेक बैठक २० ते ३० मिनिटांची. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, काही आठवड्यांत हात कोरडे झाले की पुढे आठवड्या-पंधरवड्यातून एकदा. मुंग्या आल्यासारखे वाटते, थोडा कोरडेपणा येतो. त्याहून मोठा त्रास सहसा होत नाही. बहुतेक रुग्णांना फायदा होतो. ही पद्धत १९५० च्या दशकापासून वैद्यकात माहीत आहे.

हृदयात पेसमेकर असणाऱ्यांनी, गरोदर बायांनी, त्या हातापायात धातूची पट्टी किंवा रॉड बसवलेल्यांनी हा उपचार घ्यायचा नाही. आणि व्हिडिओ पाहून घरच्या बोर्डाची वायर पाण्यात सोडण्याचा उद्योग कोणीही, कधीही करू नये. घरातली वीज जीव घेते. उपचाराचे यंत्र वेगळे असते, त्यात प्रवाह मोजून आणि मर्यादेत दिला जातो.

गोळ्या का जपून घ्यायच्या?

ग्लायकोपायरोलेट आणि ऑक्सिब्युटिनिन या गोळ्या घाम कमी करतात. ॲसिटाइलकोलिनचा हुकूम ग्रंथीपर्यंत पोहोचू न देणे, हे त्यांचे काम. पण त्या हात आणि पाठ असा भेद करत नाहीत. त्या सर्वांगाचा घाम कमी करतात. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, नजर धूसर होणे, लघवी अडणे हे त्यांचे ठरलेले दुष्परिणाम. काचबिंदूचा विशिष्ट प्रकार असणाऱ्यांनी आणि प्रोस्टेट वाढल्याने लघवीला अडथळा असणाऱ्यांनी त्या टाळायच्या.

पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्याला ही गोळी जेवढी निर्धोक, तेवढी ती गंगाखेडच्या वीटभट्टीवर किंवा मानवतच्या कापूस जिनिंगमध्ये राबणाऱ्याला नाही. ४३ अंशांत घाम हेच शरीराचे थंड राहण्याचे साधन आहे. तेच गोळीने बंद केले, तर उष्माघात गाठायला वेळ लागत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की मार्च ते जून या काळात उन्हात कष्ट करणाऱ्या माणसाला या गोळ्या सहज लिहून देऊ नयेत, आणि रुग्णाने औषध दुकानातून परस्पर घेऊ नयेत. डॉक्टर विचारत नसतील तर आपण सांगायचे : ‘मी दिवसभर उन्हात असतो.’ हे एक वाक्य औषधाची निवड बदलू शकते.

बोटॉक्स आणि शस्त्रक्रियेचे काय?

बोटॉक्सची इंजेक्शने चेतातंतूच्या टोकाशीच ॲसिटाइलकोलिन अडवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये काखेच्या तीव्र घामासाठी त्यांना मान्यता दिली. परिणाम चांगला असतो, पण तो काही महिनेच टिकतो आणि पुन्हा टोचून घ्यावे लागते. तळहातावर ती दुखतात, काही दिवस पकड सैल पडू शकते. हाताच्या बळावर पोट असणाऱ्याने याचा विचार करावा. खर्च मोठा आणि तो पुन्हा पुन्हा करावा लागणारा आहे. काखेसाठी आता वेगळी औषधेही आली आहेत. ग्लायकोपायरोनियमच्या पुसायच्या कपड्याला अमेरिकेत २०१८ मध्ये आणि सोफपायरोनियमच्या जेलला जपानमध्ये २०२० मध्ये मान्यता मिळाली. ती सहज आणि परवडणाऱ्या दरात मिळू लागेपर्यंत आपला भर पहिल्या दोन पायऱ्यांवरच हवा.

शस्त्रक्रियेत दुर्बिणीतून छातीत शिरून घामाचा हुकूम नेणारी चेता कापतात किंवा तिला चिमटा लावतात. तळहात बहुधा त्याच दिवशी कोरडे होतात. जाहिरातीत हेच दाखवतात. जाहिरातीत जे नसते ते असे : अनेक रुग्णांना त्यानंतर पाठ, पोट, मांड्या इथे जास्त घाम सुरू होतो. त्याला भरपाईचा घाम म्हणतात. काहींना तो एवढा होतो की दिवसातून कपडे बदलावे लागतात आणि हातच बरे होते असे वाटू लागते. कापलेली चेता पूर्ववत करता येत नाही. पापणी खाली येणे, फुप्फुसाभोवती हवा भरणे हे धोके कमी प्रमाणात, पण आहेत. उष्ण जिल्ह्यात भरपाईच्या घामाचा त्रास अधिक जाणवणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. शस्त्रक्रिया वाईट नाही. बाकी सगळे नीट करून झाल्यावर, सगळे समजून घेतल्यावर, तळहाताच्या अतितीव्र त्रासासाठी ती शेवटची पायरी आहे. तिला पहिली करू नये.

‘घाम अडवू नये, विष अंगात राहते’ हे खरे का?

नाही. घाम म्हणजे बहुतांश पाणी आणि थोडे मीठ. शरीरातला कचरा काढण्याचे मुख्य काम मूत्रपिंडे आणि यकृत करतात. तळहात किंवा काख एवढीच जागा कोरडी केली तर बाकीचे लाखो छिद्रांचे अंग थंड ठेवायला मोकळेच असते. लावायच्या औषधाने स्तनाचा कर्करोग होतो, या समजालाही ठोस पुरावा मिळालेला नाही.

उपचार न करण्याने मात्र नुकसान होते. सतत ओल्या राहणाऱ्या जांघेत, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत गजकर्ण, चिखल्या आणि बुरशी यांना आयते घर मिळते. मग औषध दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम येते. चार दिवस खाज थांबते, बुरशी आत पसरत राहते, कातडी पातळ होते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइड औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. तरी ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटले की ती काउंटरवर येते, हा अनेकांचा अनुभव आहे. घामोळेही वेगळे. त्यात घाम जास्त येत नाही, नळी बुजल्याने तो कातडीखाली अडकतो. त्यासाठी गार पाणी आणि सुती सैल कपडे पुरतात.

जिल्ह्यात काय करता येईल?

‘इथे कुपोषण, रक्तक्षय, सर्पदंश यांनाच मनुष्यबळ पुरत नाही, घामाचे लाड कुठून करायचे?’ असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. जीव घेणाऱ्या आजाराचा मान पहिला. पण इथे नवा विभाग, नवी इमारत मागितलेलीच नाही. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की त्वचारोग विभाग आणि फिजिओथेरपीची खोली आलीच. फिजिओथेरपीत स्नायूंना उत्तेजन देणारी जी यंत्रे असतात, त्यांतल्या अनेकांतून एकदिश प्रवाह देता येतो. दोन ट्रे, योग्य पट्ट्या, प्रशिक्षित माणूस आणि त्वचारोगतज्ज्ञाची देखरेख एवढ्यावर आठवड्यातून तीन दुपारी ‘कोरडे हात’ उपचार देता येईल. ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण रुग्णालयाच्या औषधसाठ्यात असावे, ही दुसरी मागणी. जिंतूर, सेलू, पालम, सोनपेठ इथल्या रुग्णाने यासाठी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठण्याची गरज राहू नये. एका खेपेला बुडणारी मजुरी औषधापेक्षा जास्त भरते.

आरोग्य विभागाबाहेरही तीन सोप्या गोष्टी होऊ शकतात. शाळेतल्या आरोग्य तपासणीत ‘लिहिताना हाताच्या घामाने वही भिजते का?’ हा एक प्रश्न वाढवावा. आजार याच वयात सुरू होतो, तो याच वयात सापडायला हवा. परीक्षा केंद्रावर अशा मुलाला रुमाल, टीपकागद किंवा पातळ सुती हातमोजा वापरू द्यावा. डॉक्टरांचा दाखला असेल तर पर्यवेक्षकाने त्यावर वाद घालू नये. आणि रेशन दुकानात अंगठा जुळला नाही म्हणून कोणी रिकाम्या पिशवीने परत जाता कामा नये. आधार जुळणी फसली एवढ्या कारणाने धान्य नाकारू नये, असे केंद्राचे निर्देश २०१७ पासून आहेत. ओटीपीसारखे पर्याय त्यासाठीच आहेत, ते मागायला संकोच करू नका.

डॉक्टरांकडे जाताना काय सांगायचे?

गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटे मिळतात. म्हणून चार उत्तरे मोबाइलमध्ये लिहून ठेवा : घाम नेमका कुठे येतो आणि दोन्ही बाजूंना सारखा का; कोणत्या वयात सुरू झाला; झोपेत येतो का; सध्या कोणत्या गोळ्या सुरू आहेत. पाचवी गोष्ट म्हणजे तुमचे काम, उन्हातले की सावलीतले. हात ओला असतानाचा एक फोटो दाखवला तरी चालेल. ‘टेन्शन घेऊ नका, वयाने जाईल’ असे सांगितले गेले, तर नम्रपणे विचारा : ‘लावायचे औषध आधी सुरू करता येईल का?’ हा आजार ताणाने वाढतो हे खरे, पण ओल्या हातांमुळेच माणसाला ताण येतो हेही तितकेच खरे. हात कोरडे झाले की धास्ती बरीचशी आपोआप कमी होते.

आणि घरातल्यांसाठी एवढेच : मुलगा वही भिजली म्हणून रडत असेल, मुलगी हात ओढणीत लपवत असेल, तर तिला धीट हो म्हणून काही होणार नाही. येत्या सोमवारी तिला त्वचारोगाच्या ओपीडीत घेऊन जा. उन्हाळा सुरू होण्याआधी गेलात तर आणखी चांगले, कारण औषध बसवायला आणि फरक पाहायला डॉक्टरांना चार-सहा आठवडे हाताशी मिळतील.